चूल घराची, हुकूम कोणाचा?

पाककृतीची चर्चा साप्ताहिकाच्या या पानावर सहसा होत नाही. उसाचा दर, दुधाचा भाव, धरणग्रस्तांचे पुनर्वसन, कामगार कायद्यांतील बदल या प्रश्नांच्या गर्दीत चुलीपर्यंत आपली दृष्टी पोहोचत नाही. आणि पोहोचली तरी तो 'घरातला' विषय म्हणून आपण तो बाजूस सारतो. परंतु राज्यसंस्था जेव्हा घराच्या उंबऱ्यापाशी येऊन पातेल्याचे झाकण उचलू पाहते, तेव्हा तो विषय घरातला राहत नाही. म्हणून आज एका अगदी साध्या पदार्थापासून आरंभ करावयाचा आहे.

अमेरिकेत घरोघरी केला जाणारा हा पदार्थ आहे. बैलाच्या कोवळ्या मांसाचे, म्हणजे आपल्याकडचे खाटीक ज्यास 'अंडरकट' म्हणतात त्या भागाचे, इंच-दीड इंचाचे तुकडे करावयाचे. त्यांस मिरपूड, ठेचलेला लसूण आणि बेताचे मीठ चोळावयाचे. प्रत्येक तुकड्याभोवती बेकनची, म्हणजे डुकराच्या पोटाकडील खारवून धुरी दिलेल्या मांसाची, पातळ पट्टी गुंडाळावयाची, ती दात कोरण्याच्या काडीने टोचून ठेवावयाची आणि तव्यावर मध्यम आचेवर सर्व बाजूंनी खरपूस भाजावयाचे. यात मोठे पाककौशल्य नाही. आतील मांसात चरबी कमी असल्याने ते नुसते भाजले तर कोरडे पडते. बाहेरच्या पट्टीची चरबी वितळून त्यात मुरते व ते मऊ राहते. बेकन मुळातच खारट असते, म्हणून मीठ हात राखून घालावे लागते. पाव तासाचे काम. कामावरून आलेल्या माणसाने घरी करून खावे, इतके सोपे.

हा पदार्थ दौंड तालुक्यातील राहू गावात एखाद्या कुटुंबाने करावयाचे ठरविले, तर काय होईल? मुळा-मुठा आणि भीमा या दोन नद्यांमधला हा टापू राहू बेट म्हणून ओळखला जातो. काळी जमीन, बारमाही ऊस, गुऱ्हाळांच्या चिमण्या, गोठ्यांतून संकरित गाई, आणि ऊसतोडीच्या हंगामात बीड-अहिल्यानगरकडून येणाऱ्या बैलगाड्या. अन्नधान्याची वा पैशाची अगदीच वाण असलेला हा मुलूख नव्हे. तरीही त्या कुटुंबाला हा साधा पदार्थ करता येणार नाही. त्याचा आतील भाग कायद्याने गुन्हा आहे. आणि बाहेरील पट्टी कायद्याने निषिद्ध नसली तरी गावाच्या नजरेत अप्रतिष्ठेची आहे. एका काडीत टोचलेल्या दोन मांसांत या देशातील दोन मोठ्या धर्मसमूहांची दोन निषिद्धे एकत्र आली आहेत. एकाविरुद्ध दंडसंहिता उभी आहे, दुसऱ्याविरुद्ध जातिव्यवस्था. म्हणूनच हा क्षुल्लक पदार्थ विचारास योग्य ठरतो.

प्रथम कायद्याची हकीकत पाहू. महाराष्ट्र प्राणिरक्षण अधिनियम १९७६ सालचा आहे. त्याने गाईच्या कत्तलीस बंदी केली. परंतु शेतीस वा ओझ्यास निरुपयोगी झालेला बैल, तसा दाखला मिळाल्यास, कापता येत असे. १९९५ साली शिवसेना-भाजप युतीच्या काळात विधिमंडळाने दुरुस्ती संमत करून बैल आणि वळू यांनाही या बंदीखाली आणले. ती दुरुस्ती राष्ट्रपतींच्या संमतीवाचून सुमारे वीस वर्षे पडून राहिली व अखेर २०१५ च्या मार्चमध्ये अमलात आली. कत्तलीस पाच वर्षांपर्यंत कैद व दहा हजार रुपयांपर्यंत दंड. असे मांस जवळ बाळगल्यास एक वर्षापर्यंत कैद. एवढ्यावर हा कायदा थांबला नव्हता. परराज्यात, तेथील कायद्यानुसार, कापलेल्या जनावराचे मांस जवळ असणे हाही त्याने गुन्हा ठरविला. आणि आपण निर्दोष आहोत हे शाबीत करण्याचा भार आरोपीवर टाकला. चोराच्या बाबतीतसुद्धा जो भार सरकारवर असतो, तो येथे जेवणाऱ्यावर आला!

६ मे २०१६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने या प्रकरणी निकाल दिला. न्या. अभय ओक व न्या. एस. सी. गुप्ते यांनी कत्तलबंदी वैध ठरविली. मात्र परराज्यातील मांस बाळगण्यास केलेली मनाई आणि आरोपीवरील शाबितीचा भार ही दोन्ही कलमे घटनाबाह्य म्हणून रद्द केली. नागरिकाने आपल्या घरात काय खावे हा त्याच्या खासगी आयुष्याचा भाग आहे, अशी भूमिका त्यामागे होती. पुढे २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले. आणि त्या निकालात न्या. चेलमेश्वर यांनी, आपण काय खावे आणि कोणता पोशाख करावा हे राज्याने सांगितलेले कोणासही रुचणार नाही, अशा आशयाचे मत नोंदविले. उच्च न्यायालयाच्या निकालाविरुद्ध महाराष्ट्र शासन सर्वोच्च न्यायालयात गेले, हेही येथे नमूद केले पाहिजे. नागरिकाच्या ताटावरचा आपला हक्क सोडण्यास शासन इतके नाखूष होते.

कायद्याच्या पुस्तकात म्हैस व रेडा या बंदीबाहेर आहेत. तेव्हा नियमानुसार कापलेले म्हशीचे मांस घेऊन हा पदार्थ करण्यास कायद्याची आडकाठी नाही. म्हशीचे मांस किंचित राठ, म्हणून त्यास अर्धा तास कच्च्या पपईचा गर लावून ठेवावा, एवढाच पाककृतीत फरक. परंतु प्रश्न पपईने सुटणारा नाही. पिशवीतील मांस म्हशीचे की बैलाचे, हे रस्त्यावर कोण ठरविणार? ऑगस्ट २०२४ मध्ये मुलीच्या घरी निघालेल्या एका वृद्ध प्रवाशाला आगगाडीत इगतपुरीजवळ मारहाण झाली. आपल्या डब्यात म्हशीचे मांस आहे, असे तो सांगत होता. त्यापूर्वी जून २०२३ मध्ये नाशिक जिल्ह्यात मांस वाहून नेल्याच्या संशयावरून माणसाचा जीव गेला. आणि २०१५ च्या सप्टेंबरमध्ये उत्तर प्रदेशातील दादरी येथे महंमद अखलाख यांची त्यांच्या घरात शिरून हत्या झाली, ती तर घरातील मांसाच्या अफवेवरून. कायदा कत्तलीपुरता असतो. त्याच्या सावलीत वावरणारा जमाव मात्र स्वतःच फौजदार, स्वतःच न्यायाधीश आणि स्वतःच जल्लाद होतो. अशा कायद्याचे मोजमाप त्याच्या कलमांवरून करावयाचे नसते. त्याने कोणाच्या हाती काठी दिली यावरून करावयाचे असते.

आता शेतकऱ्याकडे वळू. गोवंशरक्षणाचा कैवार शेतकऱ्याच्या नावाने घेतला जातो, म्हणून त्याचा हिशेब त्याच्याच गोठ्यात बसून मांडला पाहिजे. जोतीराव फुले यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये गोऱ्या शिपायांच्या खाण्यासाठी जनावरे मारली जातात व त्यामुळे शेतकऱ्यास बैल मिळत नाहीत, अशी तक्रार केली होती. ती त्या काळी रास्त होती, कारण नांगर बैलावर चालत होता. जोतीरावांचा मुद्दा पावित्र्याचा नव्हता, नांगराचा होता. आज दौंड-शिरूरच्या शिवारात नांगरट ट्रॅक्टर करतो. गोठ्यात संकरित गाय आहे. तिला होणाऱ्या गोऱ्ह्याला खांदा नाही, म्हणून औताला तो चालत नाही. त्याच्या वैरणीचा खर्च दुधाच्या पैशातून निघत नाही. पूर्वी म्हातारा बैल वा भाकड गाय काष्टीच्या किंवा चाकणच्या बाजारात जाई. आलेल्या पैशात भर घालून शेतकरी नवे जनावर आणी. कसायाच्या पैशाशिवाय गोठ्याचे हे चक्र फिरत नव्हते, हे बाजारात उभ्या राहिलेल्या प्रत्येकास ठाऊक होते. बोलून मात्र कोणी दाखवीत नसे.

ते चक्र आता मोडले आहे. २०२५ च्या पावसाळ्यात गोरक्षक म्हणविणाऱ्यांच्या जाचास कंटाळून राज्यातील कुरेशी समाजाने जनावरांची खरेदीच बंद केली, तेव्हा बाजार ओस पडले आणि ओरड उठली ती शेतकऱ्यांतून. सत्तारूढ आघाडीतील सदाभाऊ खोत यांच्यासारख्या शेतकरी नेत्यासही त्या वेळी गोरक्षकांविरुद्ध बोलावे लागले. २०१२ व २०१९ या दोन पशुगणनांमध्ये महाराष्ट्रातील गोवंशाची संख्या सुमारे दहा टक्क्यांनी घटली. तिची कारणे अनेक असतील. परंतु रक्षणाच्या कायद्यानंतर गोवंश वाढला, असे कोणासही म्हणता येणार नाही. जे जनावर विकता येत नाही, ते पाळण्यास शेतकरी धजत नाही. हा अर्थशास्त्राचा साधा नियम आहे, आणि तो धर्मसभेच्या ठरावाने बदलत नाही.

३० सप्टेंबर २०२४ रोजी राज्य शासनाने देशी गाईस 'राज्यमाता-गोमाता' असा दर्जा दिला व गोशाळांतील देशी गाईंसाठी दररोज प्रत्येकी पन्नास रुपयांचे अनुदान जाहीर केले. गाईंस वैरण मिळू नये, असे कोणीही म्हणणार नाही. परंतु त्यानंतर अवघ्या चार महिन्यांत, जानेवारी २०२५ मध्ये, याच शासनाने शालेय पोषण आहारातील आठवड्याच्या एका अंड्यासाठी यापुढे निधी मिळणार नाही, ते हवे असल्यास लोकवर्गणीतून द्यावे, असे सांगितले. ज्या महाराष्ट्रात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) पाच वर्षांखालील दर शंभर बालकांत पस्तीस बालकांची वाढ खुंटलेली आहे, तेथे मुलाच्या अंड्यासाठी वर्गणी आणि गोशाळेसाठी तिजोरी! आपल्या घटनेतील ४८वे कलम गोवंशासंबंधी आहे, याचे स्मरण आपणांस वारंवार करून दिले जाते. त्याच्या लगतच्या ४७व्या कलमात लोकांचे पोषणमान उंचावणे हे राज्याच्या प्राथमिक कर्तव्यांपैकी एक म्हणून सांगितले आहे, याचे स्मरण कोणी करून द्यावयाचे?

यावर एक उत्तर ठरलेले असते : हा देश शाकाहारी आहे, मूठभरांच्या जिभेसाठी बहुसंख्यांच्या भावना का दुखवाव्यात? हे विधान असत्य आहे. उपरोक्त पाहणीतच १५ ते ४९ वयोगटातील ८३ टक्के पुरुषांनी व ७० टक्के स्त्रियांनी आपण मासे, कोंबडी वा मांस खात असल्याचे सांगितले आहे. बहुसंख्य लोक मांसाहारी आहेत. शाकाहार हा येथील बहुसंख्यांचा आहार नाही. तो प्रतिष्ठितांचा आहार आहे, आणि प्रतिष्ठितांची रीत म्हणजेच राष्ट्राची रीत असे मानण्याची आपणांस सवय लागली आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये कल्याण-डोंबिवली महापालिकेने स्वातंत्र्यदिनी मांसविक्रीची दुकाने बंद ठेवण्याचा हुकूम काढला. स्वातंत्र्याच्या दिवशी नागरिकाने काय खाऊ नये हे महापालिकेने ठरवावे, यातील विसंगती त्या हुकमावर सही करणाऱ्यास जाणवली नाही.

बेकनच्या पट्टीकडे अद्याप आपण पाहिलेले नाही. डुकराचे मांस खाण्यास या राज्यात कायद्याची बंदी नाही. वसईचे ख्रिस्ती, गोव्याचे कॅथलिक, वडार, कैकाडी आणि दलित वस्त्यांतील अनेक कुटुंबे ते पिढ्यान्‌पिढ्या खात आली आहेत. परंतु पुण्याच्या लष्कर भागातील दुकानात वेष्टनात बांधून मिळते ते 'बेकन', आणि गावकुसाबाहेर शिजते ते 'डुकराचे मटण'. पहिले खाणारा आधुनिक ठरतो. दुसरे खाणारा घाणेरडा. प्राणी तोच, मीठही तेच, चरबीही तीच. फरक आहे तो शिजविणाऱ्याच्या जातीचा. मांस खारवून वा वाळवून टिकविण्याची विद्या पाश्चात्त्यांकडून शिकण्याची आपणांस गरज नव्हती. मांसाच्या पट्ट्या उन्हात वाळवून केलेल्या चान्या मराठवाड्यातील महार-मांगांच्या घरी दोरीवर टांगलेल्या असत, आणि पावसाळ्यातील उपाशी दिवसांत त्यांवर कुटुंबे तगत. शाहू पाटोळे यांच्या 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकाने २०१५ साली ही खाद्यसंस्कृती मराठीत प्रथमच सविस्तर नोंदविली. शतकानुशतके ज्या स्वयंपाकाने लक्षावधी माणसे जगली, त्याची नोंद होण्यास इतका काळ जावा लागला, ही गोष्ट मराठी पाकपुस्तकांबद्दल पुष्कळ सांगून जाते.

येथे डॉ. आंबेडकरांचा दाखला उलटा देण्याची एक चलाखी केली जाते. १९२७ साली महाडला त्यांनी मृतमांस सोडण्यास सांगितले, हे खरे. परंतु तो आदेश सरकारी नव्हता. गावाने लादलेली मेलेली ढोरे ओढणे आणि त्या बदल्यात त्यांचे मांस खाणे, या गुलामीला नकार देण्याचा तो स्वाभिमानाचा निर्णय होता. माणसांनी स्वतः घेतलेला. लादलेले अन्न नाकारणे आणि निवडलेले अन्न हिरावून घेणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. १८५७ च्या शिपायांना ज्या काडतुसाचा संताप आला, त्यातही गाय आणि डुक्कर या दोघांच्या चरबीचा संशय होता. त्यांचा संताप दुसरा कोणी ती चरबी खातो याबद्दल नव्हता. ती आपल्या तोंडात बळजबरीने घातली जाते याबद्दल होता. तोंडात बळजबरीने घालणारे राज्य आणि तोंडातून बळजबरीने काढणारे राज्य ही एकाच जातीची होत.

विरोधी बाजूंपैकी तीन मात्र गांभीर्याने घेतल्या पाहिजेत. पहिली, करुणेची. आचार्य विनोबांनी १९७९ साली गोवधबंदीसाठी उपोषण केले. त्यांच्याच प्रेरणेने १९८२ च्या जानेवारीपासून देवनारच्या कत्तलखान्यासमोर सत्याग्रह सुरू झाला. त्या सत्याग्रहींच्या भूतदयेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु गोसेवेत हयात घालविलेल्या गांधीजींनी १९४७ च्या जुलैमध्ये, कायद्याने गोवधबंदी करण्याची मागणी होत असताना, तिला विरोध केला होता. जे आपल्या धर्मात आहे ते दुसऱ्यावर कायद्याने लादता येत नाही, अशी त्यांची धारणा होती. करुणा स्वतः सोडून देण्यास शिकविते. दुसऱ्याच्या हातातून हिसकावून घेण्यास नव्हे. दुसरी बाजू आरोग्याची. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ साली बेकनसारखे प्रक्रिया केलेले मांस कर्करोगास कारणीभूत ठरणाऱ्या पदार्थांत गणले आहे, आणि कच्चट राहिलेल्या डुकराच्या मांसातून फीतकृमीचा धोका असतो. तेव्हा असे पदार्थ रोज खाऊ नयेत, आणि खाताना पुरते शिजवूनच खावेत. परंतु हा वैद्याचा सल्ला झाला. त्याच्या आधारे तुरुंगाची दारे उघडता येत नाहीत. तंबाखूही कर्करोग करते, पण ती खिशात सापडल्यावर जमाव कोणास मारीत नाही.

तिसरी बाजू आपल्याच साथींकडून येते. ते म्हणतात, श्रमिकाच्या भाकरीचा प्रश्न असताना या 'स्टेक'च्या चैनीचा कैवार कशाला? त्यांस नम्रतापूर्वक सांगावेसे वाटते की, २०१५ पूर्वी बैलाचे मांस ही या राज्यात चैन नव्हती. शेळी-बोकडाचे मटण ज्यास परवडत नसे, त्याच्या घरी 'मोठ्याचे' शिजत असे. १९५८ सालच्या कुरेशी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निरुपयोगी बैलांच्या सरसकट कत्तलबंदीस नकार देताना, हे गरिबांचे अन्न आहे याची दखल घेतली होती. २००५ साली गुजरातच्या प्रकरणात न्यायालयाने ती भूमिका सोडली. मधल्या काळात गरीब नाहीसे झाले नाहीत. न्यायालयाच्या दृष्टिपथातून ते दूर गेले. बंदीने श्रीमंताचे काही बिघडले नाही. त्याच्या ताटात बोकड आहे, मासा आहे, पनीर आहे. बंदीने गेला तो गरिबाचा रस्सा, खाटकाचा धंदा, चामडे कमावणाऱ्याचा रोजगार आणि शेतकऱ्याच्या म्हाताऱ्या बैलाचे मोल. याहून अधिक वर्गीय प्रश्न कोणता असू शकतो?

मग आपण काय करावयाचे? प्रथम आपल्याच घरात पाहावे. सहभोजनाची परंपरा समाजवादी चळवळीचे भूषण आहे. साने गुरुजींनी १९४७ साली पंढरपूरच्या मंदिराचे दार उघडावे म्हणून प्राण पणास लावले. १९७० च्या दशकात डॉ. बाबा आढाव यांनी याच पुणे जिल्ह्यातून 'एक गाव एक पाणवठा'चा आवाज उठविला. पंगत एक झाली, पाणवठा एक झाला. परंतु पातेले कोणाचे होते? आपल्या शिबिरांतील स्वयंपाक बहुधा शाकाहारी असतो, आणि 'सर्वांना चालेल असा' म्हणून आपण त्याचे समर्थन करतो. ते सोयीचे आहे, हे मान्य. पण ज्याने आपले अन्न दाराबाहेर ठेवल्याशिवाय पंगतीत बसता येत नाही, त्याला आपण पूर्ण बरोबरीने बसविले, असे म्हणता येईल काय? दोन पातेली शेजारी शेजारी ठेवणे अवघड नाही. ज्याला जे नको, ते त्याने घेऊ नये. शेजारच्याच्या ताटाकडे पाहून नाक मुरडू नये, इतकीच शिस्त पाळावयाची आहे.

दुसरे काम गावपातळीचे आहे. जनावरांचे बाजार जेथे भरतात तेथे शेतकरी, कुरेशी व्यापारी आणि वाहतूकदार यांची एकत्र समिती उभी राहिली पाहिजे; रस्त्यात गाडी अडविण्याचा अधिकार पोलिसाखेरीज कोणासही नाही, हे तिने लेखी स्वरूपात पोलीस ठाण्यांकडून वदवून घेतले पाहिजे. तिसरे, निरुपयोगी बैलासंबंधी १९७६ च्या अधिनियमातील दाखल्याची तरतूद पुन्हा आणावी, ही मागणी कचरत न बसता मांडली पाहिजे. आणि चौथे, शाळेतील अंडे लोकवर्गणीवर न सोडता राज्याच्या अंदाजपत्रकात परत आले पाहिजे. राहू बेटातील ऊसतोडणी कामगाराच्या मुलाला आठवड्यास एक अंडे देण्यास ज्या राज्यापाशी पैसे नाहीत, त्या राज्यास त्याच्या बापाच्या पातेल्यात डोकावण्याचा अधिकार उरत नाही.

बेकनमध्ये गुंडाळलेला तो घास आपल्यापैकी बहुतेकांना नको असेल. काहींना त्याची किळसही वाटेल, आणि तसे वाटण्याचा त्यांना अधिकार आहे. लोकशाहीची कसोटी आपल्या आवडीच्या अन्नाच्या रक्षणात नसते. जे आपण कधीही खाणार नाही, ते शेजाऱ्याने निर्भयपणे शिजवावे, म्हणून आपण त्याच्या दाराशी उभे राहतो की नाही, यात ती असते.